शेपटीसकट केशर

नौबाग, काइन
मेहर महिन्याची अखेर

चि. कैवान यास,
अ. उ. आ. वि. वि.

आपल्याकडे पत्राच्या आरंभी लिहायची रीत आहे, की आमची खुशाली पुसशील तर तुझ्या विरहाखेरीज इथं कसलंही दुःख नाही. आपल्या आजोबांनी हे वाक्य टोळधाडीच्या वर्षीही लिहिलं होतं, आणि मीही शाळेत मुलींकडून ते वळणदार अक्षरात घोटवून घेतलं. या खेपेला मात्र लेखणी अडली. तुझा विरह आहेच, परंतु यादीत तो बराच खाली घसरला आहे. वर चहाचा भाव आहे, डॉलरचा भाव आहे, अम्मे कोकबच्या गुडघ्याचं औषध आहे (म्हणजे नाही), आणि सर्वांच्या शिरोभागी केशर आहे. राग मानू नकोस. पहिल्या पाचात तू अजून आहेस.

फोन का नाही केला, असं विचारशील. मी व्यवहाराचं बोलायला तोंड उघडलं की अम्मे, आपल्या वडिलांची ही थोरली बहीण, माझ्या हातून फोन ओढून घेते आणि तू जेवलास का, काय जेवलास, ते कुणी रांधलं, अशी उलटतपासणी सुरू करते. तेवढ्यात लाइन तुटते. म्हणून हे पत्र शाहवर्दीच्या ट्रकमधून बंदरापर्यंत आणि तिथून लाँचमधून दुबईला, तुझ्या देऱ्याच्या दुकानापर्यंत येईल. शाहवर्दी वाटेत पत्रं उघडून वाचतो हे मला ठाऊक आहे. शाहवर्दी, तुलाही आशीर्वाद. मागच्या टायरकडे लक्ष असू दे.

आता मुख्य गोष्ट. दरवर्षी आपल्या गावच्या बायकांचं केशर एकत्र करून घेणारा हँबुर्गचा म्हातारा व्यापारी यंदा घेणार नाही. त्यानं फार सौजन्यानं कळवलं आहे. आमचं केशर उत्तम, आमचा स्वभाव उत्तम, पण त्याची बँक इराणचं नाव ऐकलं की खिडकी लावून घेते. कागदोपत्री केशरावर बंदी नाहीच म्हणे. बंदी आहे ती केशराचे पैसे इकडे येण्यावर. लग्नाला कुणाची हरकत नाही, फक्त नवऱ्यानं मांडवात यायचं नाही, इतकंच.

फुलं पुढल्या पंधरवड्यात उघडतील. ती काही कुणाच्या ठरावाची वाट बघत नाहीत. मशहदचा हाजी मुस्तौफी आत्तापासूनच घिरट्या घालतो आहे. परवा आमच्याकडे बसून साखरेचा खडा दातात धरून तीन पेले चहा प्याला (हल्लीच्या भावात हा मोठाच आदरसत्कार) आणि म्हणाला की नवरोजपर्यंत माल पडून राहिला तर तो मातीमोल भावानं का होईना, उचलेल. वर तुमचे कंदही खणून घेईन, सीमेपलीकडे त्यांना गिऱ्हाईक आहे. आपुलकीनं बोलला हो. वैद्य आजाऱ्याशी बोलतो तसा. पण कंद गेले म्हणजे पुढल्या आबान महिन्यात आपल्या शेतात काय उगवणार, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, कारण सगळ्यांना ठाऊक होतं.

तर तू नवरोजच्या आत गिऱ्हाईक शोध. परक्यांशी परक्यांच्या भाषेत बोलणारा नौबागचा असा तू एकटाच आहेस. बाकी तुला तिथं काम काय, समुद्राकडे तोंड करून कलिंगडाच्या बिया फोडतोस.

लोभ असू दे. तो आयात करावा लागत नाही, तेव्हा काटकसर नको.

तुझी,
नय्यर

---

देरा, दुबई
आबानचा आरंभ

ती. नय्यर-आबजीस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकिटावर शाहवर्दीच्या बोटांचं ग्रीस आहे, आणि शेवटी त्यानं स्वतःच्या अक्षरात टायर नवे टाकल्याचं लिहिलं आहे. नवे म्हणजे कुणाचे तरी जुने, हे मी समजलो.

बिया फोडत नव्हतो, आबजी. इथं दुकानाचं भाडं भरायला रोज देवाचं नाव घ्यावं लागतं. आपल्या लोकांची निम्मी दुकानं या गल्लीत बंद झाली. बँकेनं माझंही खातं बंद केलं. कारण विचारलं तर तिथल्या मुलीनं इतकं गोड हसून नाही म्हटलं की मीच तिला धन्यवाद देऊन बाहेर पडलो.

पण गिऱ्हाईक सापडलं आहे. युरोपातल्या एका मोठ्या पॅकिंगवाल्यांचा एजंट. कंपनीचं नाव तो सांगत नाही, मीही विचारत नाही. कोट कडक इस्त्रीचा आहे. सगळा माल घेतो म्हणतो, दाम इथंच, रोख, हातात. भाव बरा आहे. आणि आजच्या दिवसांत बरा भाव म्हणजे फारच बरा.

त्याच्या अटी आहेत. माझ्यावर ओरडू नकोस, शेवटपर्यंत वाच. त्याला केशराच्या काडीचा फक्त लाल शेंडा हवा. जुडी बांधायची नाही, पिवळी-पांढरी शेपटी कापून टाकायची, सुटा माल साध्या पिशवीत भरायचा. पिशवीवर गावाचं नाव नको, देशाचं नको. कागदांवर दुसऱ्याच एका देशाचं नाव पडेल, ते तो बघेल. पुढं डबीवर काय छापायचं तेही तोच बघेल. मी त्याला आपली दुख्तरपीच, शेपटीसकट पिळून बांधलेली जुडी, दाखवली तर हसला. म्हणाला, ही पिळाची जुडी जगात दुसरं कुणी बांधत नाही, ही दिसली की माल कुठला ते बंदरावरचं मांजरसुद्धा सांगेल. शेपटी कापलीत की तुमचं केशर कुणाचंही होऊ शकतं.

मला ऐकून बरं वाटलं नाही. पण आबजी, इथं सगळे हेच करतात. आपल्या खजुराला दुसरा बाप मिळाला, पिस्त्याला मिळाला. सध्या आडनाव बदलून का होईना, मुलं जगली पाहिजेत. फुलं येतीलच, तेव्हा आधीच कात्र्या मागवून ठेव. हाजी मुस्तौफीच्या हातात कंद देण्यापेक्षा हे बरं, एवढंच माझं म्हणणं.

अम्मेचं औषध पाठवतो आहे. लाँचवाला माझ्या ओळखीचा आहे. मी जेवलो. भात आणि मासळी. मेहरअंगीझनं रांधलं.

लोभ वाढता असावा, भाव उतरले तरी.

तुझा धाकटा भाऊ,
कैवान

---

नौबाग
आबान, फुलांचे दिवस

चि. कैवान यास,
अ. उ. आ. वि. वि.

हे पत्र पिवळ्या बोटांनी लिहिते आहे, डाग पडले तर चालवून घे. उजाडायच्या आत शेतात, मग दिवसभर जमिनीवर जांभळ्या फुलांच्या राशीभोवती बसून काड्या काढायच्या. नऊ-दहा बायका एका राशीला, आज माझ्या घरी, उद्या इस्मतच्या. तू विसरला नसशील. विसरला असशील तर हा कागद हुंग.

तुझं पत्र मी तिथंच मोठ्यानं वाचलं. मास्तरणीला शोभेल अशा निःपक्षपातीपणानं दोन्ही बाजू समजावून सांगितल्या. परिणामी दोन्ही बाजू माझ्यावर रागावल्या.

इस्मतचं म्हणणं असं, की नाव काय चुलीत घालायचं आहे का. तिचा नवरा बिर्जंदच्या कारखान्यातून घरी बसला आहे, सुटे भाग येत नाहीत म्हणून. ती म्हणाली, शेपटी मीच कापते, आणा ती कात्री. आणि ती खोटं बोलत नव्हती. दुसरी एक म्हणाली की हँबुर्गच्या म्हाताऱ्याच्या डबीवर नौबाग हे नाव चुकीच्या स्पेलिंगनं का होईना, होतं, आणि ती डबी तिनं आरशाजवळ ठेवली आहे. मग गलका झाला. कुणीतरी म्हणालं, परक्यांच्या दारात उभं राहायचं तर आपलं तोंड झाकून कशाला. कुणीतरी म्हणालं, भुकेला तोंड नसतं झाकता येत. मी खडू शोधत होते, पण घरी फळा नाही.

या सगळ्या गलक्यात अम्मे कोकब खाली मान घालून बसली होती. तू म्हणशील, ती झोपली असेल. नव्हती. ती काड्या पिळत होती. आणि मी पाहिलं, भांडताना सगळ्यांचेच हात चालू होते. शेपटीसकट काडी ओढायची, बोटावर वळसा द्यायचा, दोरा गुंडाळायचा. इस्मतही कापायचं बोलत होती आणि जुडी बांधत होती. तिच्या आईनं तिला लग्नाआधी जो पीळ शिकवला, तोच. (तुझ्या सासरहून साखरपुड्याला आलेल्या जुडीचा पीळ सैल होता. अम्मेनं तेव्हाच ओळखलं होतं की मुलगी सुगरण नाही, पण स्वभावानं गोड आहे. मेहरअंगीझला हे वाचून दाखवू नकोस.) सांजेला रास संपली तेव्हा समोर सगळा माल बांधलेला. मागवलेल्या कात्र्या वेष्टनातच राहिल्या.

मग अम्मे बोलली. तिचं बोलणं तिच्याच शब्दांत खाली उतरवून देते, कारण मी सांगितलं तर ते व्याकरणशुद्ध होईल आणि त्यातली चव जाईल. तात्पर्य, त्या कडक कोटवाल्याला कळव की शेपटी राहील.

इस्मतनं आपला वाटा वेगळा मागून घेतला. तो तिचा हक्क आहे, आम्ही तोलून दिला. हाजी मुस्तौफी दुसऱ्याच दिवशी तिच्या दारात होता.

मी भ्याले आहे, कैवान. हे फक्त तुला लिहिते. चौघींत मी फार ताठ मानेनं वावरते आहे, मान दुखते. तू दुसरं काही शोध.

लोभ आहे तो पिळून घट्ट बांधून ठेव, सुटा ठेवू नकोस.

नय्यर

(अम्मेचा मजकूर, तिनं सांगितला तसा)

कैवान, माझ्या लेकरा, अम्मेनं तुझ्यावरून ओवाळून जावं. औषध पोचलं, कडू आहे, म्हणजे खरं आहे. तो माणूस म्हणतो शेपटी कापा म्हणजे कुठलं केशर ते कळणार नाही. त्याला म्हणावं, कळू नये असं आम्ही काय केलंय? चोरीचं आहे? मी सात वर्षांची होते तेव्हापासून बांधते. माझी सासू माझ्या जुडीवरून मला रागवायची, आणि तीच जुडी पाहुण्यांपुढं मिरवायची. आता म्हातारपणी मी बिनबापाचं केशर विकू? आमच्यावर बंदी घातलीय ना, घाला. पण ज्यांच्यावर बंदी घातली ते आम्हीच, दुसरे कुणी नाही, एवढं तरी लिहा की मेल्यांनो. तू कमी मीठ खा. नय्यर म्हणते कागद संपला. संपला नाही, मला दिसतोय.

---

देरा, दुबई
दे महिना

ती. आबजीस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण रागावलो होतो. तुझ्यावर, अम्मेवर, जुडीवर, सगळ्यांवर. एजंटला निरोप दिला तेव्हा त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, दुसरे खूप आहेत. खरंच आहेत. माझ्या समोरच्याच दुकानात गेला. मी आठवडाभर दारात उभं राहून त्या दुकानाकडे न बघण्याचा अभ्यास केला.

आता पुढचं ऐक, आणि हसायचं असेल तर शाहवर्दी वाचून झाल्यावर एकदमच हसा.

आपल्या मालाचा नमुना मी परत दाखवत फिरलो. कुणी बँकेचं विचारायचं, कुणी कागदाचं. शेवटी दुकानात बसून होतो तर विजेसुंदरा नावाचा एक सिलोनचा चहावाला आला. वयस्क, अतिशय सभ्य. पूर्वी आपल्या तेहरानच्या लोकांना चहा द्यायचा. आता त्यांचे पैसे बँकेतून निघत नाहीत म्हणून त्याची खोकी इथल्या गोदामात पडून आहेत, आणि तो जुन्या गिऱ्हाइकांना शोधत गल्लीगल्लीतून हिंडत होता. मी त्याला चहा पाजला. त्याच्याच देशाचा, शेजाऱ्याकडून उसना. बोलता बोलता त्याची नजर फडताळातल्या काचेच्या बरणीवर गेली. आपल्या आईनं, मामाननं, बांधलेली शेवटची जुडी. ती गेल्यापासून मी कधी उघडली नव्हती. तो म्हणाला, काय सुरेख आहे हे.

आणि मी काय म्हणालो असेन? कुठल्याही नौबागच्या माणसानं म्हटलं असतं तेच. हात छातीवर ठेवून म्हणालो, आपलीच आहे, आपल्या योग्यतेची नाही, पण घेऊन जा. आता आपल्या माणसानं तीनदा नको म्हटलं असतं, मी तीनदा आग्रह केला असता, आणि जुडी फडताळातच राहिली असती. या भल्या माणसाला हे कोण सांगणार? त्यानं दोन्ही हातांनी जुडी घेतली, डोळ्यांना लावली, रुमालात गुंडाळली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि निघून गेला.

मी उभाच. मागे धावून काय म्हणू, की ते मनापासून नव्हतं? मेहरअंगीझ एवढंच म्हणाली, की आईला विकलं असतंस तर पैसे तरी आले असते.

काल त्याचा माणूस चहाचं एक अख्खं खोकं घेऊन आला, बरोबर चिठ्ठी. कोलंबोला त्याच्या आईनं ती जुडी स्वतः सोडली, कुणाला कात्री लावू दिली नाही, आणि सणाच्या दूधभातात घातली. अशी भेट घेऊन गप्प बसणं आमच्याकडे होत नाही, असं त्यानं लिहिलं आहे. (त्यांच्याकडेही असलं काहीतरी आहे म्हणजे, फक्त ते खरंच देतात आणि खरंच घेतात.) आणि विचारलं आहे, की अशी बांधलेली अजून किती आहे? त्याचा चहा आपल्या बंदरात, आपलं केशर त्याच्या बंदरात. मध्ये बँकच नको. त्याच्या ओळखीची हॉटेलं आहेत, औषधवाले वैद्य आहेत, लग्नाच्या मिठाया करणारे आहेत. अट एकच, जुडी सोडायची नाही.

भाव मोजला तर एजंटपेक्षा कमी पडतो, आणि मिळणार चहा, तो तुम्ही विकल्यावरच पैसे. शिवाय सगळा माल एकदम नाही, यंदा साधारण दोन तृतीयांश. मी हो म्हटलेलं नाही. यावेळी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो, न जाणो काही सभ्यपणा निघून जायचा. खोक्यातला चहा पाठवतो आहे. पिऊन कळवा.

लोभाची देवघेव अशीच चालू राहो.

कैवान

---

देरा, दुबई
बहमनचा आरंभ

ती. आबजीस,
शि. सा. न.

घाईत लिहितो, लाँच सुटते आहे. तो एजंट परत आला. समोरच्या दुकानदारानं त्याला भुसा मिसळून दिला म्हणे. आता म्हणतो, शेपटीसकट देता तर तसं द्या, कापायचं आम्ही बघू. सगळा माल, दर आधीपेक्षा चढा, रोख, याच महिन्यात. फक्त नाव नको, कागदावर दुसरा देश. माल पाठवला की काम झालं, नवरोजला सगळ्यांच्या घरी नवे कपडे.

विजेसुंदराला माल पाठवायचा कस्टमचा कागदही समोर आहे. त्यात माल कुठला हे लिहायचा एक रकाना आहे. इथला कस्टमचा कारकून, भला माणूस, म्हणाला की त्यातही दुसरंच काही लिहिलं तर माल लवकर सुटेल, खरं लिहिलंत तर पेट्या उघडतील, तपासतील, अडकवतील. मी रकाना कोरा ठेवला आहे.

तुम्ही ठरवा. मी यावेळी काही म्हणत नाही. माझं काय म्हणणं आहे ते मलाच कळेनासं झालं आहे. हाजीला कंद देऊ नका, तेवढं फक्त.

कैवान

---

नौबाग
बहमनची अखेर

चि. कैवान यास,
अ. उ. आ. वि. वि.

आमची खुशाली पुसशील तर इथं सगळ्यांच्या पोटात चहा आहे.

तुझं घाईचं पत्र येईपर्यंत मी ते चहाचं खोकं उघडू दिलं नव्हतं. मग सर्वांना बोलावलं, समोवार पेटवला आणि एजंटचा चढा भाव पहिल्यांदा सांगितला. मुद्दाम. चहाच्या आधी. उपाशीपोटी मोह कसा दिसतो ते सर्वांनी बघावं म्हणून. एकीनं हिशेब केला की तिच्या मुलीच्या बिर्जंदच्या कॉलेजची वर्षाची फी त्यात भागते. तो हिशेब बरोबर होता, मी तपासला. मला तो चुकीचा निघायला हवा होता.

मग चहा ओतला. अम्मेनं पेला उजेडाकडे धरला, वास घेतला, खडा दातात धरून पहिला घोट घेतला, आणि जाहीर केलं की रंग आहे, कडूपणा आहे, पान बारीक आहे पण इमानदार आहे. ज्या घरातून असा चहा आला त्या घरातली म्हातारी आपल्या जुडीला कात्री लावत नाही, तर मला आणखी काय विचारता? असं म्हणून तिनं दुसरा पेला मागितला.

पण निर्णय अम्मेनं घेतला नाही. तो कॉलेजच्या हिशेबवालीनं घेतला, हे तुला सांगितलं पाहिजे. ती म्हणाली, मुलीला मी शिकवते आहे ते तिनं कुठं गेली तरी आपलं गाव सांगावं म्हणून. आता तिचीच फी गाव लपवून भरली तर ती शिकली कशाला? फी मी हप्त्यानं भरीन, चहा विकून भरीन. त्यावर सगळ्या एकदम बोलायला लागल्या, आणि मला कळलं की ठरलं.

चहाची चिंता करू नकोस. एवढा खोक्यांनी चहा घेऊन आम्ही काय करणार, असा तू बसून विचार केला असशील. अरे, अख्खा काइन चहा पितो, आणि गेले सहा महिने उकळून उकळून तीच पानं पितो. पहिली खोकी बंदरात उतरायच्या आत निम्म्या चहाला दुकानदार ठरले आहेत. शाहवर्दी वाहतुकीचं भाडं चहात घेणार आहे. म्हणजे आता तो पत्रं चहा पीत पीत वाचेल.

एक वाईट बातमी. इस्मतचे कंद गेले. हाजीची माणसं आली, कुदळी मारल्या, पोती भरली. तिचं शेत आता नुसतं उकरलेलं आहे. ती दोन दिवस बाहेर आली नाही. मग अम्मे तिच्या घरी गेली, काठी टेकत, आणि तिला रागवून आली, की माणसानं भुकेपायी विकलं तर लाज कसली, लाज विकत घेणाऱ्याला. उन्हाळ्यात आम्ही प्रत्येकीच्या शेतातले थोडे थोडे कंद काढून तिच्याकडे लावणार आहोत. फुलं यायला काही वर्षं जातील. ती आमच्याबरोबर पेट्या भरायला आली, आणि तिचाच पीळ सर्वांत घट्ट होता.

उरलेला एक तृतीयांश माल बरण्यांत आहे. तो पडून राहील कदाचित. राहू दे. हाजी परवा विचारायला आला होता. त्याला आम्ही सिलोनी चहा पाजला. चहा चांगला आहे म्हणाला, कुठून आणलात म्हणाला. आम्ही सांगितलं. दुसरा पेला त्यानं घेतला नाही.

आता तुझा तो रकाना. तू कोरा ठेवलास हे चांगलं केलंस, तुझ्या अक्षरापेक्षा कोरा कागद बरा दिसतो. त्यात असं लिही: नौबाग, काइन, इराण. तिन्ही शब्द. कारकुनाला आमचे आभार सांग, त्यानं भल्यासाठीच सांगितलं. पेट्या उघडायच्या तर उघडोत. वरतीच जुड्या आहेत, बघायला सुरेख आहेत. अडकवायच्या तर अडकवोत, विजेसुंदरा वाट बघणाऱ्यातला वाटतो, आणि वाट बघायला आम्हालाही कुणी शिकवायला नको. रकाना लहान आहे अशी तक्रार तू करशीलच, तुला शाळेतही जागा पुरायची नाही. पुरला नाही तर शेजारच्या रकान्यात शिर. पण इराण बारीक अक्षरात काढू नकोस. जाड लेखणी घे.

एजंटला सभ्यपणे नाही म्हण. अति सभ्यपणे नको, तुझा अनुभव लक्षात घेता.

मेहरअंगीझला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आहे तसाच ठेव, तपासणीत उघडला गेला तरी.

तुझी,
नय्यर

ता. क. अम्मे विचारते की त्या सिलोनवर कुणी बंदी घातली आहे का. नाही म्हटलं. तर म्हणाली, त्या विजेसुंदराला आणि त्याच्या आईला सांभाळून राहायला सांग म्हणावं, आता आमच्याशी ओळख झाली आहे.